थोरल्या जाऊबाईंची डबी

या जगात कुणावर जळायचंच असेल तर ते माझ्या थोरल्या जाऊबाईंवर जळावं, बाकीच्यांवर जळण्यात नुसता वेळ जातो, असं माझं अनुभवाअंती बनलेलं मत आहे. रूप, पैसा, हुद्दा असं जळायला सोयीचं त्यांच्यापाशी काहीही नाही. तरीही सांगलीकडून लग्न होऊन मी या किनाऱ्यावर आले त्या दिवसापासून जळते आहे. माझ्या माशाच्या आमटीला घरचे ‘बरी झाली’ म्हणतात. त्यांच्या आमटीला काहीच म्हणत नाहीत, गुपचूप दुसऱ्यांदा भात घेतात. त्या रस्त्याने निघाल्या की शेजाऱ्यांची गायसुद्धा मान वळवून बघते. मी इतकी वर्षं तिला केळीची सालं घालते आहे, पण माझ्यासाठी तिने कान हलवलेला नाही. आमची दोन घरं एकाच आवारात, मध्ये कंबरेएवढा चिऱ्यांचा गडगा. थोरले दीर बोटीवर नोकरीला होते. ते वारले, पुढे मुलगा मुंबईला गेला, आणि तेव्हापासून पलीकडच्या घरात जाऊबाई एकट्याच असतात. असतात म्हणजे फक्त रेशनकार्डावर. प्रत्यक्षात त्या कुठे असतात याचा पत्ता लागणं अवघड.

एका वस्तूने एकच काम करावं, अशी त्यांची ठाम श्रद्धा आहे. त्यांच्याकडे नारळ खवायच्या आडाळ्या तीन: एक देवाच्या नैवेद्याची, एक गोडाधोडाची आणि एक माशांची. छत्र्या दोन, उन्हाची वेगळी आणि पावसाची वेगळी. भर उन्हात अचानक सर आली तर उन्हाची छत्री मिटून काखेत धरतात आणि भिजत घरी येतात. दिवसा बसायचा आणि रात्री उलगडून झोपायचा सोफा मी हौसेने आणला, त्यावर त्या आजतागायत टेकलेल्या नाहीत. “हेचा काय खरा नाय गो,” म्हणाल्या, “बसूक गेला तर निजता, निजूक गेला तर बसता.” त्यांचे वेंगुर्ल्याचे डॉक्टर फावल्या वेळात विम्याचंही काम बघतात असं कळलं, त्या दिवशी त्यांनी डॉक्टर बदलला. “माका जगवचा काय मारूचा, ताच त्याचा नक्की नाय,” हे त्याचं कारण.

तेव्हा टीव्हीच्या बाबतीत काय होणार हे मला आधीच कळायला हवं होतं. आम्ही दोघी मिळून कुडाळच्या दुकानात गेलो. मी भिंतभर रुंदीचा, सगळी ॲप्स आतच असलेला स्मार्ट टीव्ही पसंत केला. एकच रिमोट, वायरींचा गुंता नाही, भिंतीवर टांगला की काम झालं. जाऊबाईंनी त्याच्याकडे समोरून पाहिलं, मग वाकून मागून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, “आतला सगळा आतच बिघडला तर?”

“मावशी, ते बिघडत नाही. सॉफ्टवेअर असतं ते.”

“वरसां गेली काय म्हातारा तर होता मा?”

दुकानदार हसला. मी पंख्यांच्या किमती बघत असल्यासारखं केलं. अखेर त्यांनी टीव्ही घेतलाच नाही. दिरांनी आणलेला जुना टीव्ही घरात होता, त्याला मागून जोडायची तळहाताएवढी स्ट्रीमिंगची डबी तेवढी घेतली. “पडदो तो पडदो, डबी ती डबी,” म्हणाल्या आणि पिशवीत टाकून एसटीच्या दिशेने चालूही लागल्या.

सुरुवातीला मी जिंकले होते, हे नमूद करून ठेवते. आमच्या टीव्हीवर समुद्र लावला की पाहुणे पाय वर घेऊन बसत. जाऊबाईसुद्धा येऊन बघून गेल्या, “मोठो आसा गो,” म्हणाल्या, आणि तो आठवडा माझा फार सुखात गेला. पण माझा टीव्ही भिंतीवर होता आणि त्यांची डबी पिशवीत होती. त्यातला फरक मला उशिरा कळला.

झालं असं की त्या माहेरी शिरोड्याला निघाल्या आणि त्यांची कोरियन मालिका अर्ध्यावर होती. त्यांनी डबी उपसली, रुमालात गुंडाळली आणि बरोबर नेली. तिथे भावाच्या टीव्हीला मागून खोचली, भाच्याच्या मोबाईलचं इंटरनेट घेतलं, आणि मालिका जिथे थांबली होती तिथून सुरू. त्यांना जणू पंखच फुटले. मग वेंगुर्ल्याच्या त्यांच्या ख्रिश्चन मैत्रिणीकडे नाताळच्या नेवऱ्या खायला गेल्या त्या डबीसकट. सावंतवाडीच्या लग्नात नवरीच्या खोलीतल्या टीव्हीला डबी लागली आणि मुहूर्त टळतो की काय अशी वेळ आली, कारण करवल्या उठेनात. त्या मालिकेतली नावं जाऊबाईंच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून नायकाला त्या ‘झिलगो’, म्हणजे पोरगा, म्हणतात आणि त्याच्या खडूस आईला ‘ती वरच्या वाडीतली’. वरच्या वाडीत अशा किमान चौघी आहेत आणि प्रत्येकीची खात्री आहे की ‘ती’ म्हणजे दुसरीच कुणीतरी. जाऊबाई जिथे पोचतील तिथे चहा टाकला जाई, चटया पसरल्या जात, माणसं गोळा होत. माझ्या भिंतभर टीव्हीसमोर मी आणि नवरा. त्यातला नवरा झोपलेला.

डबीत खोट नव्हती असं मुळीच नाही, आणि ती मी आवडीने मोजत असे. तिचा बारका रिमोट एकदा तांदळाच्या डब्यात सापडला. ती तापायची, मग जाऊबाई मालिका बघता बघता पुठ्ठ्याने तिला वारा घालत. एकदा डबी शिरोड्यालाच विसरली तेव्हा त्या दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालत होत्या. मी गडग्यावरून म्हटलं, “वहिनी, या की आमच्याकडे. आमचा टीव्ही कुठे जात नाही.” म्हणताना मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही. त्या आल्याही. पण तोवर आमच्या टीव्हीने वयाचे चाळे सुरू केले होते. ॲप उघडायला सांगितलं की नुसतं गोल फिरणारं चक्र. तेवढ्यात चहा उकळून, गाळून, पिऊन होई. जाऊबाई कप विसळून घरी गेल्या. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

आणि मग तो दिवस आला. माझी लेक आयर्लंडला शिकायला होती. तिचा पदवीदान समारंभ इंटरनेटवर थेट दिसणार होता, आपल्याकडच्या दुपारी चारला. तिकडे जाणं आम्हाला जमण्यासारखं नव्हतं. पण माझ्या पडद्यावर लेक जवळजवळ खऱ्या मापात दिसेल याचंच मला अप्रूप. मी अख्ख्या वाडीला बोलावलं. चकल्या केल्या, कोकम सरबत केलं, खुर्च्या मागवल्या. जाऊबाईंनाही बोलावलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना जरा पुढचीच खुर्ची ठेवली, नीट दिसावं म्हणून.

चारला पंधरा मिनिटं असताना मी रिमोट दाबला. चक्र फिरलं. मग पडद्यावर पाटी आली: हे ॲप आता या टीव्हीवर चालणार नाही.

नवऱ्याने टीव्ही बंद करून चालू केला. त्याच्याकडे सगळ्या आजारांवर हे एकच औषध आहे. पाटी पुन्हा आली. माणसं चकल्या खायची थांबली. कुणीतरी म्हणालं, “मोबाईलवर दिसात गो.” खोलीभर माणसं आणि तळहाताएवढा मोबाईल! लेक तिकडे काळा झगा घालून रांगेत उभी असेल आणि मी इकडे पाटी वाचत बसले होते.

तेवढ्यात जाऊबाई उठल्या. पिशवीत हात घातला, रुमाल सोडला. “सर गो बाय, माका मागे जावक होया.” टीव्हीच्या मागे हात घालून त्यांनी डबी खोचली, वायर बोर्डात लावली, बोटाने दोन-चार बटणं दाबली. आणि भिंतभर पडद्यावर आयर्लंडचं ते सभागृह उजळलं. थोड्या वेळाने लेकीचं नाव पुकारलं, निदान ते तिचं असावं असं वाटलं, आणि ती चालत आली. वाकली, हसली, गेली. सगळी वाडी टाळ्या वाजवत होती. मी रडत होते. जाऊबाई पुठ्ठ्याने डबीला वारा घालत होत्या.

पुढे जे झालं त्याने माझे अश्रू जागीच सुकले. लेकीचा फोन आला, आणि पहिलं वाक्य, “आई, दिसलं ना? काकू डबी घेऊन आली होती ना?” म्हणजे तिने आदल्या दिवशीच फोन करून काकूला सांगून ठेवलं होतं! माझ्या पोटच्या पोरीने माझ्या टीव्हीवर विश्वास ठेवला नव्हता. जाताना माणसं मला ‘अभिनंदन’ म्हणत होती आणि जाऊबाईंना ‘तू होतंस म्हणान झाला’. गर्दी पांगेपर्यंत मी कसंबसं हसत उभी राहिले.

सगळे गेल्यावर जाऊबाई डबी काढायला लागल्या. मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, “वहिनी, राहू दे ना ती इथेच. मोठ्या पडद्यावर छान दिसतं. तुम्हीही इथेच बघत जा.”

त्या वायर गुंडाळत होत्या. माझ्याकडे न बघताच हसल्या. “हयसरच ठेवलंय तर मगे तू माका हाक कित्याक मारतलंस?”

त्यांनी डबी रुमालात बांधली, उरलेल्या चकल्यांतल्या दोन घेतल्या आणि गडगा ओलांडून गेल्या. पलीकडच्या ओटीवरचा दिवा लागला. त्या घरात इतकी वर्षं संध्याकाळी तेवढा एकच दिवा लागतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

पुढच्या आठवड्यात नवरा कुडाळला निघाला. “तसली एक डबी आपल्यालाही आणून टाकतो,” म्हणाला.

“नको,” मी म्हटलं.

“का? टीव्ही तर नुसता लटकतोय.”

“नको म्हटलं ना.”

संध्याकाळी गडग्यापाशी जाऊन मी हाक मारली, “वहिनी!” कशाला, असंही त्यांनी विचारलं नाही. पिशवी घेऊन त्या इतक्या चटकन बाहेर आल्या, की ती दारामागे भरूनच ठेवलेली असणार.