पंचमीला विळी मीच काढली

सिरसाळ्याच्या माझ्या लेकींनो, ही चिठ्ठी ओट्यावर बसून सगळ्या मिळून वाचा. मला अक्षर येत न्हाई. मी बोलते आन नातसून गंगू लिहिती.

आज नागपंचमी. चिरायचं न्हाई, तळायचं न्हाई, तवा ठेवायचा न्हाई, हे तुमाला जन्मभर मीच ओरडून सांगितलं. म्हणून तर या सणाला पुरणाचे दिंड करायचे: कणकेच्या पोळीत पुरण भरून घडी घालायची आन वाफवायची.

आज एक पोळी जरा लांब झाली, आन सवयीनं मी विळी ओढून तिचं टोक कापलं की! तेवढ्यात माहेरपणाला आलेल्या माझ्या नणंदबाई दारात उभ्या.

"पंचमीला विळी? कुणी काढली गं?"

मी विळी हळूच मागं सारली. गंगू म्हणाली, "मी काढली. चुकले."

"आईनं काई शिकवलंच न्हाई वाटतं!"

पोरीनं मान खाली घालून माझ्या वाटणीची बोलणी खाल्ली.

दिंड लई मऊ झालते, पण मी माझं ताट तसंच सारलं. म्हणून ही चिठ्ठी. "नका ना आजी, हे लिहायला लावू," गंगू म्हणती. मी म्हणलं, लिही, आन आता मोठ्यानं वाच. नणंदबाई समोरच पान लावीत बसल्यात.

तुमच्या चुकीवर असं कुणी पांघरूण घातलंय का गं? मला तर अशी पोर घरातच गावली.

याची एक नक्कल गंगूच्या आईला धाडते हाय. तिनं पोरीला काय शिकवलं, ते तिलाबी कळू दे.