पुढची सीट

दुपारची जेवणं झाल्यावर विजयमाला म्हेत्रे स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर आडवी होते आणि पोटावर स्पितीचा नकाशा पसरते. झोपायचं नाही, असं तिनं बजावून ठेवलंय स्वतःला. संध्याकाळी चहाला नसीम येणार आहे आणि तिला उत्तर द्यायचं आहे. पण शेजारच्या शेडमधले यंत्रमाग खडखडत असतात, आणि परगावच्या माणसाचं डोकं उठवणाऱ्या या आवाजावरच इचलकरंजीची माणसं पाळण्यापासून झोपत आलेली असतात. डोळ्यांवर पेंग येते. नकाशावरची निळी नदी हळूहळू पुसट होते.

उत्तर तसं ठरलेलंच आहे. नाही म्हणायचं. निमित्तही तयार आहे, गुडघे. वास्तविक गुडघे ठणठणीत आहेत, पण अवघड वेळी उपयोगी पडायला माणसाजवळ एखादा दुखरा अवयव असलेला बरा.

नसीम बँकेत टेलिफोनवर असते. लहानपणीच तिची दृष्टी गेली. तिला सायकल चालवायची आहे, आणि अख्ख्या गावात तिला नेऊ शकेल अशी एकच सायकल आहे, ती विजयमालाच्या घरी. एकामागं एक बसून दोघांनी मारायची जोडसायकल. विजयमालाचे यजमान रावसाहेब मागांचे जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारे. त्यांनीच दोन जुन्या सायकली कापून, वेल्डिंग मारून ती बनवली. तिच्यावरून नवरा-बायकोनं आंबा घाट केला, गगनबावडा केला, आंबोली केली. मग रावसाहेबांच्या डोक्यात स्पिती शिरली. हिमाचलातली ती उघडीबोडकी दरी, जिथं गावाला गाव लागत नाही, रस्ता म्हणजे नुसते धोंडे आणि त्यावरून बर्फाचं पाणी वाहतं. बेत सगळा पक्का झाला, आणि एका सकाळी चहा पिता पिता रावसाहेब गेले. त्याला आता दोन वर्षं झाली.

"काकी, तुम्ही पुढं, मी मागं," नसीम म्हणाली होती. "काकांचा रस्ता आपण दोघी करूया की."

आणि विजयमालानं उत्तर आजच्या चहावर ढकललं होतं. कारण ती जन्मात कधी पुढं बसलेली नाही. तिनं हँडल धरलेलं नाही, ब्रेक दाबलेला नाही. जोडसायकलीवर पुढच्यानं सारखं बोलत राहायचं असतं, खड्डा आला, वळण आलं, ब्रेक मारतोय, कारण मागच्याला समोरचं काही दिसत नाही. सगळे घाट तिनं पाहिले ते नवऱ्याच्या शर्टाच्या पाठीवर. आता एका न दिसणाऱ्या पोरीला मागं बसवून तसल्या कड्याच्या रस्त्यानं न्यायचं?

"नकाशा उलटा धरलायस," कुणीतरी म्हणतं.

रावसाहेब ओट्याला टेकून शेंगा फोडत बसलेत. अंगात सायकलवर घालायचा तोच निळ्या रेघांचा शर्ट. विजयमालाला नवल वाटत नाही. फक्त बरं वाटतं, खूप बरं वाटतं, आणि ती उठून बसते.

"कधी आलासा?"

"मनालीकडनं चढायचा इचार हाय व्हय तुझा? एकदम उंची गाठलीस तर डोकं धरून बसशील. किन्नौरकडनं जा. हळूहळू वर. फुप्फुसाला सवय होऊ दे."

"मी कुठं जाणार हाय?"

"मग नकाशा काय थंडी वाजती म्हणून पांघरलायस?"

विजयमाला नकाशा त्यांच्यापुढं सरकवते. या माणसाशी वाद घालून ती कधी जिंकलेली नाही, आणि मेल्यानंतर तो सुधारला असेल अशी आशाही तिनं ठेवलेली नाही. रावसाहेब नकाशा सरळ करतात आणि मुक्कामाच्या गावांवर एकेक शेंगदाणा ठेवत जातात. हे नाको. हे ताबो. हे काझा, इथं चांगली विश्रांती घ्यायची. हे लोसर. मग कुंझुमची खिंड.

"खिंडीपलीकडचे नाले सकाळीच ओलांडायचे. ऊन चढलं की बर्फ वितळतो, पाणी वाढतं. ध्यानात ठेव."

ती ऐकता ऐकता हातासरशी एक शेंगदाणा तोंडात टाकते.

"काझा खाल्लंस," रावसाहेब म्हणतात.

दोघं हसत सुटतात. हसता हसता विजयमालाच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि ते थांबत नाही. "किती दिवसांनी हसले हो," ती म्हणते. ते तिच्या पाठीवर हात ठेवतात. हात कोमट आहे, शेंगांच्या टरफलांनी खरखरीत झालेला.

ती डोळे पुसून चहा टाकायला उठते तर ओटा नाही. ती मागांच्या शेडमध्ये उभी आहे. माग चालू आहेत, पण आवाज येत नाही. मागावरचा उभ्या सुतांचा पांढरा ताणा लांबच लांब गेलाय, शेडच्या भिंतीतून पार पलीकडं, आणि त्या ताण्यावर धोंडे पडलेत, कडेला पाणी वाहतंय. तो रस्ताच आहे. जोडसायकल मागाला टेकून उभी आहे. रावसाहेब मागच्या सीटवर बसलेत.

"बस पुढं."

"मला न्हाई यायचं."

"मी डोळं मिटलेत. आता मी नसीम."

"पडलो म्हंजे?"

"माझं काय व्हायचं राहिलंय आता?" ते म्हणतात. "बस."

ती बसते. हँडल पहिल्यांदाच तिच्या हातात येतं. पायडल फिरतात आणि शेड मागं पडते. पंचगंगेवरचा पूल येतो. पुलावरून उतरल्यावर नेहमीचा उसाचा मळा लागायला हवा, तर समोर करड्या मातीचे डोंगर उभे राहतात, झाड म्हणून नाही, आणि त्यांच्या डोक्यावर बर्फ. आणि पुढं कुणाची पाठ नाही. एवढं आभाळ तिनं कधी पाहिलेलंच नाही. विजयमाला आ वासून बघत राहते. सायकल डळमळते, चाक धोंड्यावरून उडतं.

"बोल की गं!" मागून रावसाहेब ओरडतात. "तू गप झालीस की मला सगळाच खड्डा."

"धोंडा!" ती म्हणते.

"तो गेला. पुढचं सांग."

"डावीकडं वळण. खडी हाय. पाणी आलं, पाणी, थांबू नका, मारा पायडल!" गार पाणी पायाच्या बोटांना चावतं आणि मागं जातं. चढ लागतो. छाती भरून येते, श्वास पुरत नाही. तरी ती बोलत राहते. बोलायला लागल्यापासून हँडल सरळ झालंय, हे तिच्या उशिरा लक्षात येतं.

"अहो, तुम्हाला कधी भ्या वाटलं न्हाई व्हय?"

"न्हाई कसं? आंबोलीच्या उतारावर माझं पाय लटपटायचं. मागं तू. काय झालं असतं तर?"

"मला वाटायचं, तुम्ही माझ्यासाठी ओरडताय."

"तुझ्यासाठी बी. पण तोंडानं सांगितलं की खड्डा जरा बारका व्हायचा."

विजयमालाला हे कुणी आधी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. इतकी वर्षं ज्या पाठीला टेकून ती निर्धास्त होती, ती पाठ आतून घाबरलेली होती. तिला राग येत नाही. तिला त्या पाठीची माया येते.

"काय दिसतंय?" रावसाहेब विचारतात.

"खिंड. पताका लावल्यात, रंगीत. लई वारं हाय. बर्फ हाताला लागंल असा जवळ हाय." ती सांगत सुटते, दगडाचा रंग, ढगाची सावली, लांबवर चरणारी याकं. ते मधेच "हं" म्हणतात, "मग?" म्हणतात. आवाज बारीक होत जातो.

"आहात न्हवं?"

"पायडल मारतोय की."

"उतार आला," ती म्हणते. "अहो, उतार."

मागून उत्तर येत नाही. पुढं बसणाऱ्याला मान वळवता येत नाही. ती दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरते, ब्रेकवर बोटं ठेवते आणि मोठ्यानं सांगत राहते, खडी, वळण, पाणी.

कडी वाजते.

विजयमाला फरशीवर उठून बसते. माग खडखडतायत. नकाशा बाजूला घसरलाय. "आले गं," म्हणत ती साडी सावरते आणि हात काहीतरी चिकट लागल्यासारखा थबकतो. पोटरीवर काळं ग्रीस. चेनच्या चक्राचे दाते जसेच्या तसे उमटलेत. सायकल तर दोन वर्षं परसातल्या छोट्या शेडमध्ये गोणपाटाखाली पडून आहे, तिला कुणी हात लावलेला नाही.

आणि डाग डाव्या पोटरीवर आहे. मागच्या सीटची चेन उजव्या अंगाला असते, त्यामुळं तिला डाग पडायचा तो उजवीकडं. दोन सीटांना जोडणारी चेन डावीकडून जाते, मागच्या टोकाला तिच्यावर पत्रा बसवलाय, त्यामुळं ती पुढच्याच्याच पायाला घासते. डाव्या पोटरीचा डाग रावसाहेबांचा. तिला तो कधी पडलेला नाही, पडणं शक्यच नव्हतं.

ती दार उघडते. नसीम उंबऱ्याबाहेर उभी आहे, पांढरी काठी घडी करून हातात.

"झोप मोडली काय, काकी?" नसीम विचारते आणि मग नेटानं हसून म्हणते, "न्हाई म्हणायचं असंल तर सरळ म्हणा. मला राग न्हाई यायचा."

विजयमालाला गुडघ्यांचं काय ते आठवत नाही. ती नसीमचा हात हातात घेते. नसीमची बोटं चिकट होतात. नसीम ती नाकाशी नेते.

"ग्रीस? सायकल काढलीत व्हय?"

विजयमालाला रडू फुटतं. ती ते लपवत नाही, पदरानं तोंड पुसते आणि नसीमचा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवते.

"उंबरा हाय, पाय उचल," ती म्हणते. "आता सरळ. इथं फरशी ओली हाय, जपून. परसात जायला दोन पायऱ्या उतरायच्या. मग डावीकडं सायकलची शेड."

 नसीमचा खांद्यावरचा हात घट्ट होतो, आणि ती मागोमाग चालायला लागते.

"पायरी," विजयमाला म्हणते. "आणि एक."