मिठागरातला तोफगोळा

गंजलेल्या लोखंडाचा वास आला की कळव्याचं आमचं मिठागर आठवतं. मी नुकताच बी.ए. झालो होतो, घराण्यातला पहिलाच. बांध घालताना बाबांना चिखलात तोफेचा गोळा सापडला, आणि ते त्याच्यासाठी शेंदूर कालवू लागले.

"बाबा, हा देव नव्हे. जुन्या लढाईतला गोळा आहे. जुन्या वस्तू जमवणाऱ्या साहेबांना द्यायला हवा."

"त्या लढाईत कोन मेला रं?"

"ते कुठे लिहिलेलं नाही."

"मंग बीए होऊन शिकलास काय? जो मेला त्याला इथं कोन हाय?"

मी गोळा नेलाच. साहेबांनी वजन लिहून घेतलं. सापडल्याची जागा त्यांनी विचारली नाही, मीही सांगितली नाही. बाबांनी गोळा निघाला त्या खड्ड्यात दगड ठेवून त्यालाच शेंदूर लावला. लढाई कुठे झाली हे दाखवायला आज तो दगडच तेवढा उरला आहे.