जाखडीला आठ जण हवेत: सोहारहून मस्कत, अडीच दिवस

गुरुवारी दुपारी तीनला पाळी सुटली आणि सव्वातीनला मी, दत्ताराम काका आणि ढोलकी आमच्याच कारखान्यातल्या ओमानी बदरच्या गाडीत होतो. ढोलकीला मागची सीट दिली होती, वर पट्टाही लावला होता. बदरने आरशातून बघितलं आणि म्हणाला, "तीनों में यही शरीफ लगता है."

निघण्याचं कारण आधी सांगतो. आम्ही ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आहोत. काका क्रेन चालवतात, मी इलेक्ट्रिकची कामं बघतो, आणि आम्ही दोघेही गुहागर तालुक्यातले. गावाकडे गणपतीत जाखडी नाचतात, ती आम्ही इथेही दरवर्षी नाचत आलो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: मध्ये गाणारा ढोलकी घेऊन बसतो आणि त्याच्याभोवती आठ जण, एका पायात घुंगरू बांधून, फेर धरतात. पाय एकदम पडला पाहिजे. आठ पायांचा एक आवाज आला की समजायचं, देवापर्यंत पोचलं.

यंदा आठ होत नव्हते. गेल्या वर्षभरात तिघे कायमचे गावी गेले. त्यांची मुलं काही इकडे आली नाहीत. एक पुण्यात कंपनीत आहे, एक चिपळुणात दुकान चालवतो. कॅम्पमध्ये नाचणारे उरलो पाच. आणि काका साठीचे झाले, महिनाअखेरीस त्यांचा व्हिसा संपणार. त्यांची ही इथली शेवटची जाखडी. त्यांच्या क्रेनवर पुढे बदर बसणार. त्याला वर्षभर शिकवलं ते काकांनीच.

"पाच जणांत फेर नाय होत, सदू," काका मला म्हणाले. "मधी भोकं दिसतात. आठ झाले तर गाईन, नायतर गणपतीला हात जोडून गप बसेन."

काकांचं गप बसणं मी पाहिलेलं आहे. यंदाचा नाच मस्कतला होता, म्हणून तिथेच तीन माणसं शोधायची ठरली. इतकं मोठं शहर, तीन सापडणार नाहीत का?

सोहार ते मस्कत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. दोन रस्ते आहेत. आतल्या बाजूचा नवा महामार्ग झपाट्याने नेतो, पण वाटेत चहाला काही नाही. किनाऱ्याचा जुना रस्ता सहम, सुवेक, बरका अशी गावं घेत जातो. वेळ असेल तर जुन्याने जा. बसचं तिकीट तीनेक रियाल पडतं, पण एकदा खात्री करून घ्या. बदर दर गुरुवारी मस्कतच्या अलीकडच्या टोकाला, अल खौदला, घरी जातो, म्हणून आमचा खर्च शून्य. पेट्रोलचे पैसे पुढे केले तर म्हणाला, "उस्ताद से पैसा लेगा तो अम्मा घर में नहीं लेगी." त्याची आई बलुची, त्यामुळे त्याची हिंदी आमच्यापेक्षा बरी.

बरक्याला थांबलो. तिथला ओमानी हलवा प्रसिद्ध आहे, केशर-वेलचीचा, चमच्याने खायचा. गणपतीचे दिवस, आम्ही शाकाहारी, तेव्हा हलवा, कडक चहा आणि पातळ कुरकुरीत रुखाल रोटी एवढ्यावर भागलं. तिघांचं मिळून एक रियालही झालं नाही. गल्ल्यावर ओमानी मुलगी बसली होती. काका तिच्याकडे बघून मला म्हणाले, "मी आलो तेव्हा पेट्रोल भरणारा आपला, चहावाला आपला, गल्ल्यावरचा पण आपला. आता बग." आवाजात तक्रार नव्हती, भरती-ओहोटी बघणारा माणूस बोलतो तसं बोलले. मग तिलाच "शुक्रन" म्हणून सुटे पैसे मोजून घेतले.

अल खौदला पहिला गडी सापडला. तो सापडलेलाच होता म्हणा. पांडुरंग संगमेश्वरचा, विद्यापीठाजवळच्या विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये आचारी आहे. त्याच्याच ओळखीने यंदा अल हैलच्या एका कुटुंबाने शनिवारी त्यांच्या गणपतीपुढे जाखडी करायला बोलावलं होतं. आम्ही त्याच्या खोलीवर उतरलो. संध्याकाळी बाहेर चक्कर मारली तर दुकानं उजळलेली, रस्त्यावर पोरींचे घोळके, काळ्या अबायात, हातात कॉफीचे पेले, स्वतःच्या गाड्या चालवणाऱ्या. माझ्या पहिल्या वर्षांत इकडे आलो होतो तेव्हा हे सगळं मोकळं रान वाटायचं. शहर रुवीकडून पश्चिमेला सरकत सरकत इथवर आलंय.

"सहावा मी," पांडुरंग म्हणाला. "पण काका, शनिवारी मेसमध्ये नवीन पोरांचं जेवण आहे. साहेब सोडेल असं वाटतंय."

"वाटतंय म्हणजे?"

"इन्शाल्ला."

काकांनी मान हलवली. "आपला माणूस इन्शाल्ला म्हणाला की मला भ्या वाटतं."

शुक्रवारी सकाळी बसने रुवीला गेलो. अर्ध्या रियालाच्या आसपास तिकीट, तासाभराचा प्रवास. एक सूचना: शुक्रवारी सकाळी बाजार बंद असतो, दुपारच्या नमाजानंतर उघडतो. आम्हाला बाजार नको होता. आम्हाला एक जिना हवा होता.

त्या जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर, गावकीची खोली होती. काका पहिल्यांदा विमानतळावरून थेट तिथे आले होते. मीही पहिला महिना तिथेच काढला. एक जण सुट्टीवर गेला की त्याची खाट दुसऱ्याला. जेवणाची पाळी, झाडायची पाळी, आणि गुरुवारी भजन. "त्या वेळी आठ जण पायजेत तर जिन्यात हाक मारायची," काका चढताना म्हणाले. "बारा यायचे. चौघांना परत पाठवायला लागायचं."

दार उघडलं ते एका बांगलादेशी शिंप्याने. आम्ही कोण ते सांगितलं, तर त्याने लगेच आत बसवलं आणि चहा टाकला. कोकणवाले दीड वर्षापूर्वी गेले, म्हणाला. शेवटच्याने भाडं परवडत नाही म्हणून खोली सोडली. भिंतीवर आमच्या देवघराची फळी तशीच होती. त्यावर त्यांनी औषधांच्या बाटल्या आणि घरच्यांचे फोटो ठेवले होते. काका बराच वेळ त्या फळीकडे बघत राहिले.

"हटा दूं क्या?" शिंप्याने विचारलं.

"नको, नको. बरोबर ठेवलंय," काका मराठीतच म्हणाले. त्यांनी फळीला हात लावून नमस्कार केला, आणि आम्ही चहा पिऊन उतरलो. तिथून एकही माणूस मिळाला नाही.

दुपारी रुवीत थाळी खाल्ली, दीड रियाल, भात हवा तेवढा. मग मत्राच्या किनाऱ्यावर गेलो. पर्यटकाने मत्रा चुकवू नये: निळं बंदर, मागे करडे डोंगर, लोबानाचा वास. पण सप्टेंबरात दुपारी जाऊ नका, आम्ही गेलो ती चूक. सावलीच्या कठड्यावर बसून काका म्हणाले, "सदू, माणसं संपली रं आपली." मी मनात अथर्वशीर्ष म्हणायला घेतलं, कारण दुसरं काही येत नव्हतं.

संध्याकाळी अल हैल. समुद्राजवळची वस्ती, पांढरे व्हिला, दारात गाड्या. हे निखिल आणि ऋचाचं घर. निखिल पुण्याचा, दूरसंचार कंपनीत इंजिनियर, ऋचा एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. गणपती सुरेख मांडला होता. आरतीला पंचवीस-तीस माणसं, बहुतेक सगळी बायकामुलांसकट. मला तर तेच नवल. आमच्या खोलीतल्या गणपतीला कधी बाई किंवा मूल नव्हतं. होतो कुठे आम्ही बायकामुलं आणण्याच्या पगारात? मुलं मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत आरती वाचत होती. उच्चार डगमगत होते, पण एकही कडवं सोडलं नाही.

आरतीनंतर काकांनी अडचण सांगितली. निखिल लगेच म्हणाला, "मी येतो. नाच येत नाही, पण माणूस म्हणून उभा राहतो."

"उभा नाय राहायचं. नाचायचं."

"तेही करतो."

सातवा झाला. पुरुष मंडळी चपला बघायला लागली. कुणाचा गुडघा, कुणाची पाठ. तेव्हा प्रसादाच्या वाट्या गोळा करता करता ऋचा म्हणाली, "मी करू का?"

काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं. तिने पुन्हा विचारलं.

"बाय, हा बाप्यांचा नाच हाय," काका म्हणाले. "आजवर बायका नाय नाचल्या यात."

"आजवर इथे बायका होत्या का, काका?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "खोलीत तर नव्हत्या." खरं तेच होतं ते.

काकांनी ढोलकी मांडीवर घेतली. "पाय दाखव."

वीस मिनिटं तिचा पाय फरशीवर पडत राहिला. पहिल्या पाच मिनिटांत दोनदा चुकली, नंतर नाही. काकांनी मुद्दाम लय चढवली, मध्येच तोडली, उलटी फिरवली. ती घामाघूम, पण लयीला धरून. शेवटी काकांनी हात थांबवला आणि निखिलला म्हणाले, "तुझ्यापेक्षा ही बरी. तू हिच्या मागे उभा राहा आणि हिचा पाय बग." मग पिशवीतून जुन्या घुंगरांची माळ काढली. काका स्वतः नाचायचे तेव्हाची. "ही बांध," म्हणाले, आणि दुसरीकडे बघत बसले.

शनिवारी सकाळी सोहारहून बाकीचे चौघे आले. दिवसभर सराव. चारला नाच ठरला होता. साडेतीनला पांडुरंगचा फोन: साहेब सोडत नाही. मेसमध्ये एक वाढपी आजारी, दीडशे पोरं जेवायला, भात वाढायला माणूस नाही.

आठाचे सात. काकांनी ढोलकीवर कापड टाकलं. मी गणपतीकडे बघितलं आणि खरं सांगतो, मनात थोडं भांडलो.

मग बदरला फोन लावला. तो घरी झोपला होता. मी सांगितलं ते त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "चावल ही परोसना है ना? क्रेन तो नहीं चलाना?" आणि फोन ठेवला. पुढचं आम्हाला पांडुरंगकडून कळलं. मेसचा साहेब बदरच्या मामाचा जावई निघाला. बदर पांढऱ्या पायघोळ दिशदाशात सरळ आत गेला, पांडुरंगचा अ‍ॅप्रन काढून स्वतःला बांधला, डाव हातात घेतला आणि म्हणाला, "यल्ला, तू जा." साहेब म्हणे हसून खुर्चीतच बसला.

सव्वाचारला पांडुरंग टॅक्सीतून उतरला, हाताला हळद तशीच.

गालिचा गुंडाळला, खिडक्या लावल्या, आठ जण उभे राहिलो. काकांनी गण सुरू केला. त्यांचा आवाज मी बावीस वर्षं ऐकतोय, पण त्या दिवशी तो वेगळ्याच ठिकाणाहून आला. पहिला पाय पडला तो एकच पडला. निखिलचासुद्धा. फेर फिरायला लागला तसे कोण गुहागरचा, कोण पुण्याचा, कोण बाप्या, कोण बाई, काही कळेना. मुलं टाळ्यांनी ठेका धरून होती. काकांनी तिथल्या तिथे जोडलं:

"एक पाऊल गुहागरचं, एक पाऊल पुण्याचं,
देवा तुझ्या अंगणात भान नाही उण्याचं."

पाऊण तास नाचलो. शेवटी काकांनी ढोलकीवर कपाळ टेकलं आणि तसेच राहिले. कोणी हाक मारली नाही. उठले तेव्हा डोळे ओले होते आणि हसत होते. "झाली," म्हणाले. "पुरी झाली."

परतताना बदरच चालवत होता. दिशदाशाच्या बाहीवर आमटीचा डाग. बरक्याच्या पुढे तो म्हणाला, "सबने देखा, मैंने नहीं देखा, उस्ताद." काकांनी गाडी कडेच्या चहाच्या टपरीपाशी थांबवायला लावली. ढोलकीचा पट्टा काढला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले आणि सगळा गण एकट्या बदरसाठी पुन्हा गायले. शेजारच्या टेबलावरचे दोन ओमानी म्हातारे चहा विसरून ऐकत होते. बदर पायाने ठेका देत होता. बरोबर देत होता.

काका महिनाअखेरीस गेले. त्यांची खाट रिकामी आहे, क्रेन बदर सफाईने चालवतो. ढोलकी आता माझ्याकडे आहे. माझा आवाज काकांसारखा नाही, पण शिकतोय. घुंगरांच्या पेटीत एक माळ कमी आहे. ती अल हैलला आहे, आणि परत मागायची नाही असा काकांचा हुकूम आहे.

महिन्यातून एका शुक्रवारी मी कॅम्पातल्या तिघांना घेऊन बसने अल हैलला सरावाला जातो, चौथ्याची पाळी असते. मस्कतला याल तेव्हा मत्रा बघा, हलवा खा, आणि जमलं तर एखाद्या शुक्रवारी आमच्याकडेही या. परवाच्या सरावाला ऋचाच्या इस्पितळातल्या दोघी नर्स आल्या, एक कोल्हापूरची, एक नाशिकची. शेजारचा एक शिक्षकही आला. ढोलकीवरच्या मला सोडून मोजलं आणि तिथूनच काकांना गावी फोन लावला.

"काका, नऊ झाले. एक जास्त होतोय. काय करू?"

पलीकडे गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या.

"एकाला परत पाठवू नको," म्हणाले. "आणखी सात बग. दुसरा फेर लाव."