तारलीवाली बाय

शिरवण्याच्या बाजारात ती मासे घेऊन बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, तिनेही माझं नाही. ती मला 'बाय' म्हणते, म्हणून मीही तिला तेच म्हणते. कुणी भाव कमी कर म्हणालं की ती तोंड फिरवून माशांवर पाणी शिंपडत बसते. मग आपणच गप्प होतो.

यांना अटॅक आल्यावर डॉक्टर म्हणाले, तेल कमी करा. मी तेल बंदच केलं, मासेही बंद केले. उकडलेलं खाऊन हे वाळत चालले, अर्ध्या ताटावरून उठू लागले. डॉक्टरांना परत विचारायला माझं तोंड उघडेना.

एकदा मी मान खाली घालून तिच्यासमोरून चालले होते. तिने हाक मारली, "काय गो बाय, माझं मासं कडू झालं का?"

मी सगळं सांगितलं. तिने टोपलीवर गोणपाट टाकलं आणि माझा हात धरून बाजाराशेजारच्या त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरली.

"डॉक्टर, ही लाजते. तेल कमी म्हंजे बंद का? आन् तारली चालंल का?"

डॉक्टर हसले. "बंद नाही हो, तळलेलं नको. काही चरबी शरीराला स्वतः बनवता येत नाही, ती खाण्यातूनच मिळते. तारली, बांगडा, जवस द्या."

परत आलो तर एक मांजरी टोपलीतला मोठा बांगडा घेऊन पळत होती. मी कानकोंडी झाले.

"नेऊ दे गो. पिलं पाजते ती. तिला पन लागतं."

मी बांगड्याचे पैसे पुढे केले. ती तोंड फिरवून माशांवर पाणी शिंपडत बसली.