भाकरीचा ठराव

विहिरीखालचं रान हे आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं रान. माती काळी आणि भारी, पाऊस उघडला तरी आत ओल धरून ठेवणारी. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून तिथं रब्बीची ज्वारीच पाहिली. मधे पाऊस जरा बरा झाला आणि माझ्या धाकट्या दिराच्या डोक्यात ऊस शिरला. येरमाळ्याच्या आसपास हे नवीन नाही. विहिरीत पाणी दिसलं की आमच्याकडच्या माणसाला ऊस सुचतो आणि विहीर आटली की शहाणपण सुचतं.

दिराचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. ज्वारी हातानं उपटून काढावी लागते, त्या कामाला माणूस मिळत नाही. कणसात दाणा भरला की पाखरं राखायला कुणी तरी दिवसभर रानात बसावं लागतं. एवढं सगळं करून भाव व्यापारी सांगेल तो. ऊस एकदा लावला की तोडणीची काळजी साखर कारखान्याच्या टोळीची. तेव्हा दिरानं उसाचं बेणं सांगून ठेवलं आणि घरात जाहीर केलं, "यंदापास्नं जवारी बंद."

माझी धाकटी जाऊ, म्हणजे याच दिराची बायको, गावातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलांना गोळा करून आणायचं, स्वयंपाक करायचा, हातपाय धुऊन जेवायला बसवायचं, हे तिचं काम. अंगणवाडीत शिजवायचा तांदूळ बाहेरून येतो, घरी न्यायची पाकिटं त्याहून लांबून येतात. त्या पाकिटातलं पीठ पोरं चाटून बघतात आणि टाकतात. मग ते म्हशीपुढं जातं. "म्हस बी पयल्यांदा माज्याकडं बघती, मग खाती," असं जाऊ सांगायची आणि हसायची. पण स्वतःच्या रानातली ज्वारी पोत्यात भरून व्यापाऱ्याला द्यायची आणि गावातल्या लेकरांना कुठल्या तरी मुलखातलं पाकीट फोडून द्यायचं, हे तिला मनापासून लागायचं. विहिरीखालचं रान तिला त्यासाठीच हवं होतं. तिथली ज्वारी अंगणवाडीत जावी, एवढंच तिचं मागणं.

अशात आमच्या बचत गटाच्या कानावर आलं की आमच्या भागातले एक आमदार विधानसभेत एक विधेयक मांडणार आहेत. अंगणवाडी, शाळा आणि रेशन यांना लागणारं धान्य आधी त्याच जिल्ह्यातल्या लहान शेतकऱ्यांकडून घ्यायचं, आणि त्याचा भाव पेरणीच्या आधी सांगायचा, असं त्यात होतं. जाऊ तर हे ऐकून रात्रभर झोपली नसावी, कारण सकाळी चहा देताना तिनं सगळं विधेयक मला पाठ म्हणून दाखवलं. भाव आधी कळला तर दिराचं तोंड बंद होईल, हा तिचा हिशेब. आमचा गट मी चालवते. मी आमदारांकडं निरोप धाडला की आमच्या गावात या, बायकांचं ऐका. ते हो म्हणाले. मला वाटलं होतं आठवण करून देता देता जीव जाईल, पण गणपती उठले आणि त्यांची गाडी खरंच आली, सोबत दोन अधिकारी.

सभा देवळाच्या मंडपात होती. मी माईकवाल्याशी भांडण्यात गुंतले होते, कारण त्याचा माईक फक्त शिट्ट्या मारत होता. जेवणाचं आधीच ठरलं होतं. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. आपण ज्वारीसाठी बोलवलंय तर ताटात ज्वारीच पाहिजे, यावर गटातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माझी जाऊ पहाटेपासून भाकरी थापत होती. मी माईकवाल्याला सोडून स्वयंपाकाकडं आले तर कढईत पुऱ्या फुगत होत्या, बाजूला श्रीखंडाचे डबे होते आणि मसालेभाताचं पातेलं उतरवून ठेवलं होतं.

"हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

कुणी एकीनं सांगितलंच नव्हतं. प्रत्येकीला वाटलं होतं, भाकरी बाकीच्या करतीलच, आपण पाहुण्यांसाठी थोडं गव्हाचं न्यावं. कणीक घेऊन आली नाही अशी एकही बाई नव्हती. आणि या सगळ्यांच्या वर पाटावर बसली होती माझी सासू. तिनं जावेच्या भाकरींची दुरडी फडक्यानं झाकून मागच्या पडवीत ठेवायला लावली होती. ड्रायव्हर लोकांना वाढायला.

"आत्याबाई, आपलं ठरलं होतं की," मी म्हणाले.

"तुमचं ठरलं आसंल," सासू म्हणाली. "पाव्हण्याच्या ताटात भाकर वाढून मला गावात तोंड दाखवायचं हाय का न्हाय?"

मला संताप आला. पण खरं सांगू का, मला तिचं कळतही होतं. माझं माहेर मुरुमकडचं. लहानपणी आमच्या दारात पाहुणा दिसला की आई भाकरीची दुरडी बाजेखाली सरकवायची आणि शेजारून गव्हाचं पीठ मागून आणायची. पाहुणा म्हणायचा, अहो भाकरीच वाढा, आई म्हणायची, छे छे. पाहुणाही ते म्हणण्यापुरतंच म्हणायचा. भाकरी रोजची, म्हणून तिला पाहुण्यापुढं यायची परवानगी नाही. आता तुळजापूरच्या रस्त्याला हॉटेलवाले 'गावरान थाळी' म्हणून तीच भाकरी पाटीवर लिहून विकतात आणि लोक गाड्या थांबवून खातात. पण ते हॉटेलात. घरात अजून ती दुरडी बाजेखालीच जाते.

सभा चांगली झाली. जाऊ बोलली. आधी पदराच्या टोकाशी चाळा करत, मग सरळ समोर बघून. आमची ज्वारी, आमची लेकरं, मधे एवढा लांबचा रस्ता कशाला, असं ती म्हणाली. आमदारांनी मान हलवून ऐकलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग पंगत बसली.

अधिकाऱ्यांपैकी एकजण चष्मेवाले, मऊ बोलणारे. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. त्यांनी पुरी मोडली, इकडं तिकडं बघितलं आणि वाढत असलेल्या माझ्या जावेला विचारलं, "ताई, एक विचारू? सकाळपासून सगळ्या ज्वारीबद्दल बोलताय. मग ताटात ज्वारी का नाही?"

जावेच्या हातात श्रीखंडाचं भांडं होतं. ती तशीच उभी राहिली.

"कारण हेच मला उद्या वरती विचारतील," ते म्हणाले. "पाहुण्यांना गहू आणि अंगणवाडीतल्या मुलांना ज्वारी, असं मी सांगू का?"

मी पुऱ्यांची परात उचलली आणि ज्यांच्या ताटात पुऱ्या होत्या त्यांनाच पुन्हा वाढल्या. सासू चुलीकडं बघत बसली. जावेनं भांडं खाली ठेवलं आणि ती आत गेली. मागच्या पडवीतून तेवढ्यात एक ड्रायव्हर आला आणि अजून दोन भाकरी आहेत का, ठेचा फार झकास झालाय, असं विचारून गेला. एरवी आम्ही हसून लोळलो असतो. निघताना आमदार एवढंच म्हणाले, की ग्रामसभेचा ठराव करून पाठवा, सभागृहात बोलताना मला आधार होईल.

गाड्या गेल्यावर आम्ही दोघी जावा भांडी घासत बसलो. कढई उपडी घालताना ती म्हणाली, "आत्ता सुचतंय बघा अक्का."

"काय?"

"लेकरू पाव्हणं न्हाय. पाव्हण्याला आपण सणाचं घालतो, ते एका दिसाचं. लेकराला रोज घालायचंय. रोजचं हाय म्हणून तर मागतोय आमी."

"अगं, हे तिथं बोलायचं होतंस."

"तवा सुचलं असतं तर मी आमदार झाले नसते व्हय?"

ती हसली, पण डोळे भरले होते. तिला सगळ्यात जास्त लागलं होतं ते दुरडी झाकून मागं नेल्याचं. तिच्या पहाटेच्या भाकरी होत्या त्या. त्या दिवसापासून ती सासूशी कामापुरतंच बोलू लागली. सासूनंही माघार घेतली नाही. दोघी एका चुलीपाशी बसायच्या आणि मला निरोप्या करायच्या. मीठ कुठं आहे हेसुद्धा माझ्यामार्फत विचारलं जायचं. इकडं दीर विहिरीखालच्या रानात उसासाठी सऱ्या पाडायला ट्रॅक्टर सांगायच्या गोष्टी करू लागला. पेरणीला फार दिवस उरले नव्हते.

ग्रामसभा पेरणीच्या तोंडावर झाली, त्याच देवळाच्या मंडपात. घरकुलाचा विषय होता म्हणून गर्दी होती, नाही तर आमच्या ग्रामसभेला पारावरची कुत्रीच जास्त असतात. सासूही आली होती. ती अशा ठिकाणी आली की पदर डोक्यावर घेऊन मागच्या भिंतीला टेकते आणि एक अक्षर बोलत नाही. सरपंचांनी आमचा ठराव वाचला. स्थानिक शेतकऱ्यांचं धान्य आधी घेण्याच्या कायद्याला गावाचा पाठिंबा आहे, मंजूर असणाऱ्यांनी हात वर करावेत. भराभर हात वर झाले. ठरावाला हात वर करायला काय जातं? दिराचाही हात वर होता, खांबाजवळ, सगळ्यात पुढं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं माझी जाऊ उठून उभी राहिली.

"हात खाली घेऊ नका," ती म्हणाली. "मला इचारायचंय. कायदा झाला आन् सरकार जवारी घ्यायला दारात आलं, तर द्यायची कुणी? यंदा ज्येंच्या रानात जवारी पेरायची हाय, त्येंनीच हात वर ठेवा."

आधी कुणाला कळलंच नाही. मग हात खाली येऊ लागले. कुणी डोकं खाजवलं, कुणी टोपी नीट केली. दिराचा हात पहिल्या काही हातांत खाली आला आणि तो आपल्या चपलांकडं बघत बसला. दोन-चार म्हातारे आणि एक मेंढरंवाला, एवढ्यांचे वर राहिले. मागून कुणी तरी म्हणालं, "वैनी, आदी घरच्यास्नी इचारा." लोक हसले. मला त्या माणसाचं तोंड बघायचं होतं, पण गर्दीत दिसलं नाही. जाऊ उभीच होती. तिचा चेहरा पंगतीत झाला होता तसा होऊ लागला. घरातच हरली तर ती पुन्हा कुठं उभी राहणार नाही, हे मला दिसत होतं.

तेव्हा मागच्या भिंतीपाशी एक हात वर गेला. बांगड्यांनी भरलेला नव्हे, सासऱ्यांच्या मागं मोकळा झालेला, काटकुळा हात.

"रान माज्या नावावर हाय," सासू म्हणाली. सातबारा तिच्या नावावर होता, आणि हे आम्ही सगळेच विसरून गेलो होतो. "हिरीखाली जवारी व्हईल."

दीर वळला. "आये, बेणं सांगितलंय की."

"सांगितलंय. लावलं न्हाय."

ग्रामसेवक लिहायचे थांबले होते. सासूनं सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, "आन् पाव्हणं आलं तर पुरीच करंन. ते येगळं."

मंडप हसला, दीरही हसला, जरा उशिरानं. एक-दोन हात पुन्हा वर आले. सगळे नाही आले, आणि ते येतील असं मला वाटलंही नव्हतं. ज्वारी उपटायला माणूस मिळत नाही ते खरंच आहे, ते काही एका सभेनं खोटं होत नाही. ठराव आम्ही पाठवला. त्या विधेयकाची पाळी अजून आलेली नाही. अधिवेशन आलं की जाऊ मला फोन करायला लावते आणि तिकडून सांगतात, बघू. विहिरीखाली मात्र ज्वारी उभी आहे आणि दीर कुरकुरत का होईना पाखरं हाकायला जातो.

त्या दिवशी सभा पुढच्या विषयाकडं सरकली, लोक घरकुलावरून भांडू लागले. जाऊ माझ्याजवळ येऊन बसेल असं मला वाटलं, पण ती मागं गेली. सासूचा हात अजून वरच होता. हात खाली घेऊ नका असं तिनं ऐकलं होतं आणि ती ते पाळत होती. दुसऱ्या हातानं तिनं दंडाला टेकू दिला होता. इतक्या दिवसांचा अबोला, पण जाऊ तिच्या शेजारी टेकली आणि तिच्या कोपराखाली आपला हात धरला.

"आत्याबाई, घ्या आता खाली."

"लिव्हलं का त्येनं?"

"लिवतोय."

"मग ऱ्हाऊ दे," सासू म्हणाली. आणि जावेनं तो हात तसाच धरून ठेवला.