रुईचं न सांगितलेलं नाव

भोकरदनच्या शाळेत मी मुलांना रुईची नावं सांगते. संस्कृतात अर्क, म्हणजे सूर्य. त्यावरूनच हिंदीत आक. उर्दूत मदार, तेलुगूत जिल्लेडू. शास्त्रीय नावात तर तिला राक्षसीणच करून टाकलंय. एक नाव मात्र मी वर्गात सांगत नाही.

माझ्या वडलांच्या दोन बायका लागोपाठ वारल्या. आता तिसरीही मरणार, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. म्हणून आधी बांधावरच्या रुईशी त्यांचं लग्न लावलं. तिला हळद लावली, मंगळसूत्र घातलं आणि लगेच तोडून टाकली. तिसरीचं मरण तिच्यावर गेलं, असं समजून मग चौथी म्हणून माझी आई आणली. पण त्या शहाण्यांना मूळ खणायचा कंटाळा आला होता. पावसाळ्यात रुई पुन्हा फुटली.

आई तिला 'थोरली' म्हणायची, धाकट्या सवतीनं म्हणावं तसं. सणासुदीला हळदकुंकू लावायची. मारुतीच्या माळेसाठीसुद्धा तिचं पान कुणाला तोडू द्यायची नाही. म्हणायची, "थोरली तर मेलीच न्हाई. मंग तिचं मरण कुठं फिरून राह्यलं?" मला साधा ताप आला, तरी ती आधी बांधाकडं बघायची.

यंदा आई गेली, सत्तरीत, झोपेत. तेरावा झाल्यावर मी कुदळ घेऊन बांधावर गेले. मी विज्ञान शिकवते, असलं काही मानत नाही. रुई फुलली होती.

मी कुदळ खाली ठेवली आणि डोक्यावरून पदर घेतला.